पस्तीस मिनिटांचा भोंगा

परीक्षेचा अभ्यास करताना एखादा माणूस खुशीत दिसला, तर त्याची दोनच कारणं असतात असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एक तर त्याला पेपर आधीच कळलेला असतो, नाहीतर परीक्षेला बसायचंच नाही हे त्यानं मनाशी ठरवलेलं असतं. नेमगोंडा मगदुमांच्या बाबतीत दोन्ही कारणं खोटी निघाली. छप्पन्न वर्षांचा हा माणूस बॉयलर अटेंडंटच्या फर्स्ट क्लास परीक्षेचा अभ्यास करायचा, आणि तो करताना त्याचा चेहरा पंगतीत आपल्या पानाकडे जिलेबी येताना दिसल्यावर होतो तसा व्हायचा.

आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात आम्ही दोघंही बॉयलरवर होतो. कारखाना म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, साखर दिसते, मळीचा वास आठवतो. बॉयलर कुणाला आठवत नाही. रस काढून उरलेला उसाचा चोथा, ज्याला आम्ही बगॅस म्हणतो, तो जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालवायचा, हे आमचं काम. ते करणारा माणूस सरकारी परीक्षा पास असावा लागतो. लहान बॉयलरला सेकंड क्लासचं प्रमाणपत्र चालतं, मोठ्याला फर्स्ट क्लासचंच लागतं. आण्णा सेकंड क्लास होते. त्यांच्याहून चोवीस वर्षांनी लहान, मंगळवार पेठेतून आयटीआय करून आलेला मी, मीही सेकंड क्लासच होतो. कागदावर आम्ही बरोबरीचे होतो आणि कागदावर काय वाटेल ते असू शकतं.

आण्णा हुपरीचे. अंगानं किरकोळ, खाकी शर्ट, कानावरून बांधलेला पंचा, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू. हा खडू बॉयलर हाऊसच्या फरशीसाठी असायचा. कुणी काही विचारलं की आण्णा उकिडवे बसायचे, पंच्यानं फरशी पुसायचे आणि चित्र काढायला लागायचे. विचारणारा घाईत असेल तर त्याची पंचाईत व्हायची. एकदा स्टोअरच्या क्लार्कनं सहज, जाता जाता विचारलं, "आण्णा, ही सेफ्टी व्हॉल्व मधीच का बोंबलती हो?" त्या बिचाऱ्याला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत हलता आलं नाही. दाब वाढला की जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या त्या झडपेचं चित्र पूर्ण झाल्यावर आण्णा म्हणाले, "आमची आत्ती अशीच हाय बघ. सगळ्यांचं सगळं ऐकून घेती. पर एक ठराविक शब्द कुणी काढला की उठतीच. आन ती उठती म्हणून घर टिकलंय." क्लार्क जेवलाच नाही. पण त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व ओरडली की तो हात जोडून "आत्ती उठली" म्हणायचा.

आण्णा जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचे, कांदा-बटाटा नाही, आणि पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. त्यांच्या बाटलीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. मटणाच्या गावात राहून असलं व्रत पाळणाऱ्या माणसाची आम्ही थट्टा करणं ओघानंच आलं. आण्णा त्यावर बॉयलरकडे बोट दाखवायचे. बॉयलरला विहिरीचं पाणी तसंच दिलं तर आत क्षार साठतात आणि नळ्या जळतात, म्हणून ते आधी शुद्ध करून घ्यावं लागतं. "बघा की लगा," आण्णा म्हणायचे, "त्यो बी गाळूनच पितोय. बॉयलर जैन हाय."

कारखान्यानं नवा मोठा बॉयलर घ्यायचं ठरवलं तिथून ही गोष्ट खरी सुरू होते. वाफेवर साखरही करायची आणि वीजही, असा तो बेत होता. जुने बॉयलर भंगारात निघणार होते. नव्याला फर्स्ट क्लासचा माणूस लागणार, आणि तो बाहेरून आणण्यापेक्षा आपल्यातलाच कुणी पास झाला तर बरं, असं चीफ इंजिनिअर म्हणाले. आण्णांच्या नोकरीचे तेव्हा दोनच हंगाम राहिले होते. म्हणजे पास झाले तर ते बॉयलरवर राहणार, नाहीतर तीस वर्षं आगीसमोर काढलेला माणूस शेवटी भलत्याच खात्यात जाऊन बसणार. परीक्षा वर्षातून एकदा. आण्णांना संधी दोनच होत्या.

मी गाईड आणलं. प्रश्न, खाली आठ ओळींचं उत्तर, पुन्हा प्रश्न. ते मी आण्णांना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन पानं वाचली आणि परत दिलं. "हे दुसऱ्यानं चघळून टाकलेला ऊस हाय. रस काय ऱ्हायला नसतोय त्येच्यात. चोथा जाळायला बरा."

मी तो चोथाच खाल्ला. पास व्हायचं होतं, रस पिऊन काय करायचं होतं?

हंगाम संपला की कारखाना दुरुस्तीला बंद असतो. त्या दिवसांत दर रविवारी मी अभ्यासाला हुपरीला आण्णांच्या घरी जायचो. हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. आण्णांच्या पत्नी पद्माक्का सोप्यात बसून पैंजणांच्या कड्या जोडायच्या. समोर छोटी शेगडी, हातात चिमटा, तोंडात फुंकणी. आण्णा त्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसायचे, मी भिंतीला टेकून गाईड घेऊन बसायचो. आण्णांची वाचायची रीत अशी होती की ते एक ओळ वाचायचे आणि थांबायचे. मग डोळे मिटून उजवा हात हवेत हलवायचे. कधी व्हॉल्व फिरवल्यासारखा, कधी दार उघडल्यासारखा. मग एकदम डोळे उघडून म्हणायचे, "आसं हाय व्हय!" आणि हसायचे.

पहिल्यांदा मला वाटलं, उन्हाचा परिणाम. मग एकदा विचारलंच. आण्णा म्हणाले, "मी कामाला लागलो तवा आमचं उस्ताद हुतं. त्यांनी सांगितलं, काचेत पाणी दिसलं न्हाय की पंपाला हात लावायचा न्हाय. मी म्हटलं, का? तर मुस्काडात दिली. म्हंजे शिकवलं हो, वाईट न्हवतं. पर का ते सांगितलं न्हाय. त्यांस्नी तरी कुणी सांगितलं हुतं? तवापासनं मी बरोबर वागतोय, पर बैलागत. हाताला समदं म्हाईत हाय. आता ह्या पुस्तकात हाताची एक एक गोष्ट डोक्याला कळाय लागली. मजा न्हाय येणार व्हय?"

 मी गाईडमधलं पुढचं पान उलटलं.

बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसलं नाही तर आत पाणी सोडणारा पंप का लावायचा नाही, हे आण्णांनी मला त्या एका उन्हाळ्यात निदान सात वेळा सांगितलं. पाणी खरंच संपलं असेल तर आतल्या नळ्या तापून लाल झालेल्या असतात. त्यावर गार पाणी पडलं की एका क्षणात इतकी वाफ होते की बॉयलर फुटू शकतो. म्हणून आधी आग बंद करायची, पाणी नाही. मी मान डोलवायचो. कान उघडे होते, बाकी सगळं बंद होतं.

एका रविवारी आण्णा अडले. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये एक बूच असतं, त्यात मुद्दाम लवकर वितळणारा धातू भरलेला असतो. इतकं चांगलं भांडं करून त्याच्यात असला कच्चा तुकडा का बसवायचा, हे आण्णांना पटत नव्हतं. तासभर त्यांनी पाटीवर उभी-आडवी चित्रं काढली. पद्माक्कांनी तोंडातली फुंकणी काढली आणि म्हणाल्या, "ह्यात काय अवघड हाय? जोडाचा धातू चांदीच्या आधी इतळाय पायजे. त्यो इतळला न्हाय तर चांदीच इतळंल की." आणि पुन्हा फुंकायला लागल्या.

आण्णांनी पाटीवरची सगळी चित्रं पुसून टाकली. बूच आधी वितळतं, त्यातून वाफ सुटून आग विझते आणि बॉयलर वाचतो, एवढंच ते होतं. "तीस वरसं शेजारी बसतीस," आण्णा म्हणाले, "आन आज सांगतीस?"

"तुमी आज इचारलासा," पद्माक्का म्हणाल्या.

परीक्षा कोल्हापुरात एका तंत्रनिकेतनात झाली. तीन तास, पाच प्रश्न. मी आण्णांच्या मागे तिसऱ्या बाकावर होतो. पेपर हातात पडल्यावर आण्णांनी पहिला प्रश्न वाचला आणि त्यांची मान जरा तिरकी झाली, ती मला मागूनसुद्धा ओळखता आली. ते हसत होते. पहिला प्रश्न होता, गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासे झाल्यास तुम्ही काय कराल. मी गाईडमधल्या आठ ओळी लिहिल्या आणि पुढं गेलो. आण्णा मात्र पुरवणी मागत होते. पुन्हा मागत होते. बाजूच्या पोरांनी वळून बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस जिल्ह्यात पहिला येतो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "किती सोडवलं?"

"एक."

मला वाटलं एक राहिला. "कुठला ऱ्हायला?"

"ऱ्हायला न्हवं. एक सोडवला. पैला." आण्णांनी खिशातून खडू काढला, तो बोटांत फिरवला आणि परत ठेवला. "काय झकास प्रश्न काढलाय रे. आधी काच खरं बोलती का खोटं, हितनं सुरवात केली. मग उस्तादांचं लिवलं. मग नळीची चित्रं काढली, गार नळी, तापल्याली नळी. मग घंटा झाली."

"आण्णा, बाकीचे चार?"

"बघितलं की. ती बी चांगलं हुतं."

हे पद्माक्कांना कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाजारात भाजीला धाडलं तर मेथीच्या पैल्या पेंडीपाशीच हुबं ऱ्हात्यात. घरी येत्यात तवा बाजार उठल्याला असतोय."

मी पास झालो. जेमतेम, पण पास तो पास. आण्णा नापास झाले. निकाल कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "पैल्या प्रश्नाला तू काय लिवलंतास?" मी आठ ओळी म्हणून दाखवल्या. आण्णांनी लक्ष देऊन ऐकल्या. "एवढ्यावर हुतंय?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता, हेवा नव्हता. एखाद्यानं एवढ्याशा भाकरीवर पोट भरलं म्हटल्यावर दुसऱ्याला वाटावं तेवढंच आश्चर्य होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हंगामाआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं. पूजा होते, कारखान्याचे अध्यक्ष सपत्नीक बसतात, नारळ फुटतो आणि पेटता काकडा भट्टीत जातो. नव्या बॉयलरचं पहिलं प्रदीपन म्हणून मांडव घातला होता. अटेंडंटचं प्रमाणपत्र बॉयलर हाऊसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावायचा नियम आहे. तिथं माझं नाव लागलं. काकडा अध्यक्षांच्या हातात देणारा माणूस मी होतो. आण्णा मागे माणसांत उभे होते, धुतलेला खाकी शर्ट घालून. कार्यक्रम संपल्यावर सगळे पेढ्यांकडे वळले, तेव्हा आण्णा भिंतीपाशी गेले, माझी चौकट थोडी वाकडी होती ती सरळ केली आणि काचेवरचा बोटांचा डाग पंच्यानं पुसला. मला लाज वाटली. तिला दुसरं नाव नाही.

आण्णांची बदली पाणी शुद्ध करायच्या विभागात झाली. "बॉयलरचं पाणी गाळायला बसीवलं मला," ते सगळ्यांना सांगायचे, "घरचीच सवय हाय." सांगताना हसायचे, पण जेवणाच्या सुट्टीत बॉयलर हाऊसच्या दारापर्यंत यायचे, आत येत नसत. दारातून आगीचा आवाज ऐकायचे आणि परत जायचे.

नव्या बॉयलरवर आम्ही पडद्यासमोर बसायचो. पाणी, दाब, तापमान, सगळे आकडे पडद्यावर. त्या हंगामात एक दिवस सकाळच्या पाळीत पडद्यावरची पाण्याची पातळी बघता बघता खाली आली आणि लाल दिवा लागला. आठ ओळी मला पाठ होत्या. त्यातली एकही आठवली नाही. माझा हात जादा पंपाच्या बटणाकडे गेला, आणि का कोण जाणे, दुसऱ्या हातानं मी आण्णांना फोन लावला.

"पंपाला हात लावू नगंस," आण्णा म्हणाले. "बगॅस बंद कर. भट्टीचं पंखे उतरव. वर काच बघाय माणूस धाड."

माणूस वर गेला, काचेतून बघून ओरडला, पाणी निम्म्यावर होतं. बॉयलरला काही झालेलं नव्हतं. पडद्याला आकडा पाठवणारं यंत्रच बिघडलं होतं. मी फोनवर हे सांगितलं. आण्णा म्हणाले, "बरं झालं. आता सांग, पंप का लावायचा न्हाय?"

मी आठ ओळी आठवून म्हणायला लागलो. त्यांत 'का' कुठंच नव्हतं.

"बघ," आण्णा म्हणाले, "तुजं पास हुन बी ऱ्हायलंच हाय अजून."

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की पुढच्या परीक्षेत हा माणूस पास झालाच पाहिजे. माझी चौकट भिंतीवर असताना त्याची नसणं मला रोज समोर दिसत होतं. त्याला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मला येत होती आणि त्याला येत नव्हती. ती म्हणजे प्रश्न अर्धवट सोडून पुढं जाणं.

तीन तासांत पाच प्रश्न, म्हणजे एकाला पस्तीस मिनिटं आणि वर पाच मिनिटं आण्णांना खिशात पेन शोधायला. मी घड्याळ लावून बसायचो आणि वेळ झाली की "आण्णा, पुढचा" म्हणायचो. आण्णा "व्हय व्हय" म्हणायचे आणि लिहीत राहायचे. वही ओढून घेतली तर पाटीवर लिहायचे. पाटी घेतली तर फरशीवर. एकदा वैतागून म्हणाले, "अर्ध्या ताटावनं उठीवतोस व्हय रे माणसाला?" दोन रविवार असेच वाया गेले.

तिसऱ्या रविवारी मी कारखान्याचा भोंगा मोबाईलवर रेकॉर्ड करून नेला. बरोबर पस्तीस मिनिटांनी तो सोप्यात वाजवला. पद्माक्कांच्या हातातली कडी उडाली. आणि आण्णा पेन खाली ठेवून उभे राहिले. कुणी सांगितलं नाही, काही नाही. तीस वर्षं त्या आवाजावर माणूस जागचा उठला होता. भोंगा झाला की पाळी संपली. मग पातेल्यात काय शिजतंय ते शिजत राहू दे, रजिस्टरात कुठपर्यंत झालं ते लिहायचं, पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आण्णा उभे राहिले, मग स्वतःकडेच बघून हसले आणि खाली बसले. अर्धवट उत्तराच्या खाली त्यांनी एक ओळ लिहिली, "इथपर्यंत तपासले. पुढील भाग चालू आहे." खाली सही केली आणि पान उलटलं.

तीन महिने आम्ही भोंगा वाजवला. शेजारच्या घरांतली माणसं त्यावर चहा ठेवायला लागली. शेवटी शेवटी भोंग्याच्या आधीच आण्णांचा हात थांबायचा. मोबाईल बघितला तर पस्तीसला दहा-वीस सेकंद कमी. "हाताला कळालं," आण्णा म्हणाले. पण ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जिलेबी नव्हती. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पास व्हायचं होतं.

दुसऱ्या वर्षी लेखी परीक्षेत आण्णांनी पाचही प्रश्न सोडवले. प्रत्येकाखाली चार्ज दिल्याची ओळ आणि सही होती म्हणे. तोंडी परीक्षेचं मला त्यांनीच सांगितलं. परीक्षक माझ्या वयाचा होता. त्यानं विचारलं, "स्टीम टेबल पाठ आहे का?" स्टीम टेबल म्हणजे कुठल्या दाबाला वाफेचं तापमान किती, असल्या आकड्यांचं बारीक अक्षरांतलं पुस्तक.

"न्हाय," आण्णा म्हणाले. "तुमास्नी हाय?"

परीक्षकानं पुस्तकाकडे नजर टाकली. मग म्हणाला, "सगळं नाही."

"मग हुडकू की दोघं मिळून," असं म्हणून आण्णांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं. पुढं काय झालं ते आण्णांनी अर्धा तास सांगितलं, त्यातलं मला एवढंच कळलं की परीक्षकानं शेवटी दोघांसाठी चहा मागवला.

ते पास झाले. त्या हंगामाच्या अग्निप्रदीपनाला काकडा आण्णांनी दिला. चौकट मी लावली, माझ्या चौकटीच्या वर, आणि सरळ लावली. पद्माक्का आल्या होत्या, त्यांनी भट्टीकडे न बघता बुचाची जागा कुठं असते ते विचारलं. या बॉयलरला ते नसतं म्हटल्यावर त्यांना तो बॉयलर पटला नाही. अध्यक्ष आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झाला की आण्णा एकदाचा पास. आता निवांत."

"व्हय," आण्णा म्हणाले. "पर आता वाचू काय?"

सगळे हसले. आण्णा हसले नाहीत.

तो हंगाम त्यांनी बॉयलरवर काढला. कसा काढला ते सांगत नाही, बॉयलर नीट चालला की सांगण्यासारखं काही नसतं. हंगाम संपल्यावर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, खिशातला खडू माझ्या खिशात ठेवला आणि मोटारसायकलला किक मारून हुपरीला गेले. नंतर अधूनमधून फोन व्हायचा. पंप का लावायचा नाही, हे एकदा त्यांनी विचारलं तेव्हा मी नीट सांगितलं, चित्रासकट सांगितलं असतं पण फोनवर फरशी नव्हती. "आत्ता झालास पास," आण्णा म्हणाले.

परवा आमच्या कारखान्यातली दोन पोरं परीक्षेला बसली, त्यांना घेऊन मी त्याच तंत्रनिकेतनावर गेलो होतो. पेपर सुटल्यावर फाटकापाशी गर्दी झाली. त्या गर्दीत कानावरून पंचा बांधलेला एक म्हातारा माणूस बाहेर येणाऱ्या पोरांना अडवून म्हणत होता, "पावणं, तुमचा झाला न्हवं पेपर? मग मला द्या की."

एका पोरानं दिला. आण्णांनी तो उलटासुलटा बघितला, सायकल स्टँडच्या कट्ट्यावर जाऊन बसले, पिशवीतून वही काढली, पांढरं फडकं बांधलेली बाटली शेजारी ठेवली आणि चष्मा लावला. मी हाक मारणार होतो. पण त्यांनी पहिला प्रश्न वाचला आणि त्यांची मान जरा तिरकी झाली.

मी रस्त्याच्या या बाजूला चहाच्या गाड्यापाशी थांबलो. माझी पोरं आली, चहा प्याली, कुठला प्रश्न अवघड गेला ते सांगत बसली. आण्णा लिहीत होते. मधेच डोळे मिटून उजवा हात हवेत फिरवत होते. स्टँडवरच्या सायकली एक एक करून गेल्या, हुपरीची एक बस समोरून गेली, त्यांनी मान वर केली नाही. मी घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. भोंगा अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. तो मी वाजवला नाही.

"चला," मी पोरांना म्हणालो, आणि आम्ही निघालो. वळणावरून मागे बघितलं तेव्हा आण्णा अजून पहिल्याच प्रश्नावर होते.